मागून आणलेलं झबलं

लोकसंख्या हा शब्द कानावर पडला की माझं डोकं उठतं. दादरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर संध्याकाळी निवृत्त मंडळी जमतात. त्यांचा हा आवडता विषय. "लोकांनी पोरं काढली हो नुसती, म्हणून देशाची ही अवस्था," असं एकजण म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात. मग मी तोंड उघडते, आणि मी तोंड उघडलं की मंडळींना घरी काहीतरी काम आठवतं. माझं म्हणणं एवढंच असतं, की आमच्या लालबागच्या चाळीत कोणी जास्त पोरं काढली नाहीत. सासवांना जेवढी झाली तेवढीच सुनांनाही होत होती. फरक पडला तो पुढे. झालेली जगायला लागली. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. अकरा वर्षांची असताना हातात पिशवी घेऊन दारोदार फिरले, तेव्हा कळलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आमची खोली चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, आणि तिला लागून गावकऱ्यांचा गाळा. गाळा म्हणजे तशीच एक दहा बाय बाराची खोली, पण तिच्यात आमच्या कोकणातल्या गावचे वीस-बावीस पुरुष राहायचे. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. दिवसपाळीवाले मिलमध्ये गेले की रात्रपाळीवाले त्यांच्याच जागेवर आडवे व्हायचे. बायकापोरं सगळ्यांची गावाला. वर्षातून एकदा शिमग्याला नाहीतर गणपतीला जायचं, महिनाभर राहायचं, आणि परत येऊन साच्यापुढे उभं राहायचं. साचा म्हणजे माग. गाळ्यातले बहुतेक सगळे कापड विणणारे साचेवालेच होते. बाबांनी आईला लग्नानंतर लगेच मुंबईला आणलं, म्हणून गाळ्यात त्यांना 'बायलेचो' म्हणून चिडवत. बाबांचे धाकटे भाऊ, माझे काका, मात्र गाळ्यातच होते.

काकांना कावीळ झाली म्हणून त्यांची शुश्रूषा करायला काकू गावाहून आली आणि आमच्या खोलीत राहिली. काका बरे झाले, आणि थोड्याच दिवसांत काकूला उलट्या सुरू झाल्या. गाळ्यातल्यांनी काकांची यथेच्छ थट्टा केली, पण आमच्या खोलीत कोणी हसलं नाही. काकूची त्याआधी तीन मुलं गेली होती. एक सटवी पुजायच्या आत, एक दात येताना, आणि तिसरी चांगली चालती-बोलती मुलगी, देवीच्या साथीत. तिन्ही वेळा काका मुंबईत होते. गावाहून कोणीतरी बोटीनं यायचं आणि खाली मान घालून सांगायचं. काका दोन दिवस जेवायचे नाहीत आणि तिसऱ्या दिवशी पाळीवर जायचे.

बाळंतपण गावीच व्हायचं, ह्यात कोणाला शंका नव्हती. सातव्या महिन्यात काकूला बोटीवर बसवून द्यायचं ठरलं. भाकरी-चटणी बांधून झाली, आणि ज्या सकाळी निघायचं त्याच सकाळी शहर बंद झालं. ट्राम नाही, बस नाही, रस्त्यावर दगड आणि काचा. लांबून गोळीबाराचे आवाज येत होते आणि आई आम्हांला गॅलरीत डोकावूसुद्धा देत नव्हती. भाऊच्या धक्क्याला जायचं कसं? असे बरेच दिवस गेले. सगळं निवळलं तेव्हा काकूचं पोट एवढं मोठं झालं होतं, की बोटीत धक्के बसतील म्हणून म्हाताऱ्या बायकाच नको म्हणाल्या.

आईनं तिला विचारलं, "वाईट वाटतंय का गं?"

काकू तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माका जावचाच नव्हता. तीन थंयच गेली. ह्या हंय होऊंदे."

गाळ्यात खळबळ उडाली. गाळ्याचे जे कारभारी होते, साठीला आलेले, रागीट, पण मनानं लोण्याचे, ते आमच्या दारात येऊन म्हणाले, "आपल्या गावचा पोर मुंबैत जन्माक इला नाय अजून. देवाक काय सांगू?" काका त्यांच्यामागे नुसते उभे. हा माणूस आयुष्यात कधी कोणाला उलट बोलला नाही. शेवटी आईच म्हणाली, "देवाला मी सांगते," आणि दुसऱ्या दिवशी काकूला घेऊन दोन गल्ल्यांपलीकडच्या म्युन्सिपालटीच्या प्रसूतिगृहात नाव घालून आली.

मुलगा झाला. काकू त्याला घेऊन घरी आली ती आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. आणि मग माझं काम निघालं.

आमच्याकडे रीत अशी होती, की जिची मुलं जगत नाहीत तिच्या पुढच्या मुलाला पाचवं वर्ष लागेपर्यंत नवं कापड घालायचं नाही. अंगावर जे काही चढेल ते मागून आणलेलं, दुसऱ्याच्या मुलानं वापरलेलं हवं. म्हणजे मरणाला वाटावं, हे कोणाचं तरी टाकलेलं पोर दिसतंय, ह्याला नेऊन काय करायचंय. पण कोणाकडूनही मागून चालत नसे. जिचं एकही मूल गेलेलं नाही, अशाच बाईकडचं लागे. मागायला जायचं घरातल्या कुमारिकेनं. ज्या घरात बापापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे दिवसभर कापड विणत होते, त्या घरात मी चिंध्या मागायला निघाले. मला भयंकर लाज वाटत होती. शाळेतलं कोणी भेटू नये एवढीच प्रार्थना करत होते.

मोठ्या माणसांचा मान आधी ठेवायचा, असं आईनंच शिकवलं होतं. म्हणून मी पिकल्या केसांपासून सुरुवात केली. पहिली गेले ती कोपऱ्यातल्या खोलीतल्या मावशीकडे. ही साताऱ्याकडची, चाळिशीच्या पुढची. घरात पाच दांडगे मुलगे आणि वर एक शेंडेफळ, मांडीवरची मुलगी. ह्यापेक्षा भरलेलं घर कुठलं असणार? मावशीनं कौतुकानं दोन झबली काढून माझ्या पिशवीत टाकली. मी दारापर्यंत पोचले, तर मागून येऊन तिनं ती पिशवीतून परत काढून घेतली.

"माझ्याकडचं न्हाई चालायचं, बाये," ती हळूच म्हणाली. "सहा दिसत्यात, पर त्येंच्या आदी दोन गेल्यात. कुणापाशी बोलू नगंस."

पुढच्या दारात सासूबाई होत्या. त्यांनी मान हलवली. त्यापुढच्या दारातल्या आजींनी बोटं दाखवली आणि पदर तोंडाला लावला. तिसऱ्या मजल्यावरची भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध असलेली म्हातारी माझ्या हातावर गूळ ठेवून म्हणाली, "दुसरीकडे बघ हो, पोरी." ह्या सगळ्या बायकांना मी लहानपणापासून नळावर हंडे आपटताना पाहत होते. त्यांच्या घरात किती माणसं झोपतात, हे मला तोंडपाठ होतं. घरात नसलेली मुलंही प्रत्येकीला आहेत, हे कधी मनातही आलं नव्हतं. मी जिन्यात बसून रडले. कोणासाठी, ते त्या वेळी मला धड सांगता आलं नसतं.

रिकामी पिशवी पाहून काकूचा चेहरा पडला. आई मात्र माझ्यावरच उखडली. "अगं वेडाबाई, म्हाताऱ्यांकडे कशाला गेलीस? सुनांकडे जा की!"

मी परत निघाले, त्याच दारांवर. आणि काय सांगू, पिशवी भरली! ज्या उंबरठ्यावर सासूबाईंनी मान हलवली होती, तिथंच त्यांची सून आतून हात पुसत आली आणि म्हणाली, "माझी तिन्ही आहेत. हे घे, हेही घे. आणि टोपरं हवं का?" खालच्या मजल्यावरची रेल्वेतल्या फिटरची बायको म्हणाली, "माझी दोन्ही ठणठणीत आहेत, दृष्ट नको लावूस." तिनं दुपटं दिलं. बोटं दाखवणाऱ्या आजींची सून, भांडकुदळ म्हातारीची सून, सगळ्याच देत होत्या. देताना त्यांना काही विशेष वाटतसुद्धा नव्हतं. म्हाताऱ्या मात्र आपापल्या दारात उभ्या राहून बघत होत्या. एकीनं सुनेच्या हातून झबलं घेतलं, त्याची घडी पुन्हा नीट घातली आणि स्वतः माझ्या पिशवीत ठेवलं. मला दुसऱ्या खेपेला जावं लागलं.

हे कशामुळे झालं, ह्यावर आमच्या घरी कधी एकमत झालं नाही. आई म्हणायची, प्रसूतिगृहातल्या नर्सबाईंमुळे. त्या घरोघर येऊन नाळ बघायच्या, दुधाच्या बाटल्या उकळायला लावायच्या. बाबा म्हणायचे, नळाच्या पाण्यामुळे, आणि भिंतींवर ते पांढरं औषध फवारतात त्यामुळे. कारभाऱ्यांच्या मते ग्रामदेवतेची नजर मुंबईपर्यंत पोचायला लागली होती. काकूचा विश्वास फक्त त्या पिशवीवर.

आमचं बाळ सबंध चाळीचे कपडे घालून वाढू लागलं. गॅलरीतून त्याला नेताना कोणी म्हणायचं, "ही आमच्या बंड्याची कुंची," कोणी म्हणायचं, "हे लाल माझ्या मोठीचं." गाळ्यातल्या पुरुषांना तर त्यानं वेडच लावलं. ह्यातल्या कित्येकांनी स्वतःची मुलं वर्षातून महिनाभरच पाहिलेली. लहान मूल जांभई कशी देतं, हे बघायला रात्रपाळी करून आलेली माणसं झोप सोडून बसायची. कारभारी त्याला पोटावर घेऊन भजन म्हणायचे आणि त्यानं धोतर भिजवलं की आनंदानं शिव्या द्यायचे.

उष्टावण जवळ आलं तेव्हा गाळ्यात गुप्त खलबतं सुरू झाली. साचेवाल्यांच्या पोराला पहिला भात जुनेऱ्यात भरवायचा, हे त्यांना सहन होईना. कारभाऱ्यांच्या स्वतःच्या साच्यावर विणलेली मलमल मिलच्या दुकानातून आणली आणि शिंप्याकडून झबलं शिवून घेतलं. रीत त्यांनाही ठाऊक होती, म्हणून त्यांनी शक्कल लढवली. हे झबलं आधी दुसऱ्या घरच्या मुलाला आठ दिवस घालायला द्यायचं. म्हणजे ते जुनं झालं. मग ते मागून आणायचं. घर कुठलं निवडायचं? पुरुषच ते. त्यांनी पाच दांडगे मुलगे पाहिले आणि झबलं मावशीच्या खोलीत नेऊन दिलं. मजल्यावर कोणाचं मूल गेलंय आणि कोणाचं नाही, हे एकाही पुरुषाला ठाऊक नव्हतं. ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि बायकांनी सांगितलं नव्हतं.

उष्टावणाच्या सकाळी झबलं थाटात आलं. काकूनं ते बाळाला चढवलं. इतकं मऊ आणि पांढरं कापड त्याच्या अंगाला पहिल्यांदाच लागत होतं. ते स्वतःच्या पोटावरून सारखे हात फिरवत होतं. काका भिंतीला टेकून बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मी सहज विचारलं, "हे कोणाकडून मागितलं?"

"कोपऱ्यातल्या मावशीकडून," कारभारी ऐटीत म्हणाले.

"पण त्यांची तर दोन गेलीत!"

बोलून गेले. आजवर ह्यावरून मला पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं आहे, पण माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. रीत मोठ्यांची, लपवाछपवी मोठ्यांची, आणि पिशवी घेऊन फिरायचं मी. काकूनं झबलं उतरवलं आणि बाळाला जुन्या दुपट्यात गुंडाळलं. कारभाऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. दारात मावशी औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती तशीच मागे फिरली आणि तिच्या खोलीचं दार लागलं.

दुसऱ्या सकाळी बाळाला सणसणून ताप चढला.

काकूची पाचावर धारण बसली. आई कानीकपाळी ओरडत होती, "अगं, आठवड्यापूर्वी देवी टोचल्यात त्याला. नर्सबाईंनी सांगितलं होतं, ताप येईल म्हणून." काकूच्या कानात काही शिरत नव्हतं. तिची मुलगी देवीनंच गेली होती. त्या दिवशी पुन्हा हरताळ होता, डॉक्टरांचा दवाखाना बंद. बंद रस्त्यावरून काका आणि कारभारी प्रसूतिगृहात गेले. काका, जे कधी कोणाला उलट बोलले नव्हते, त्यांनी म्हणे तिथल्या शिपायाला हातानं बाजूला केलं आणि नर्सबाईंसमोर जाऊन उभे राहिले. नर्सबाई त्यांच्यासोबत चालत आल्या. त्यांनी बाळाचा दंड पाहिला, तिथं टपोरे फोड आले होते.

"टोचलेलं लागलंय," त्या काकूला म्हणाल्या. "हे चांगलं आहे. आता देवी ह्याच्या वाट्याला जाणार नाहीत. दोन दिवस ताप राहील. पाणी पाजत राहा."

दोन दिवस आमच्या खोलीत चूल पेटली ती फक्त पेजेपुरती. गाळ्यातून आवाज येत नव्हता. मावशी नळावरही आली नाही; पाणी भरायला तिचे मुलगे येत होते. तिच्यावर कोणी ठपका ठेवला नव्हता, पण ठेवायची गरजही नव्हती. मला तिच्या दारावरून जाताना कसंतरी व्हायचं. काकूनं मात्र तिचं नावही काढलं नाही. ती मुलाला मांडीवर घेऊन बसून होती. त्याचं कपाळ चाचपायची, हात काढायची, पुन्हा ठेवायची.

तिसऱ्या सकाळी बाळाला घाम फुटला, त्यानं डोळे उघडले आणि भुकेनं टाहो फोडला. आईचा जीव भांड्यात पडला. गाळ्यातून कोणीतरी मोठ्यानं देवाच्या नावाचा गजर केला आणि बाकीच्यांनी साथ दिली.

काकूनं त्याला दूध पाजलं, पुसून काढलं. मग ट्रंकेवर टाकून ठेवलेलं ते मलमलीचं झबलं उचललं आणि त्याला घातलं. त्याला कडेवर घेऊन काकू गॅलरीतून कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिनं मावशीचं दार वाजवलं. मी मागे होतेच. मावशीनं दार उघडलं. रडून तिचा चेहरा सुजला होता.

"तुमचाच झबला घालून हाडलंय," काकू म्हणाली. "बघा, कसो नाचता."

मावशीला हात पुढे करवेना. काकूनं मुलाला सरळ तिच्या हातात दिलं. दोघी उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून रडल्या. मग मावशी म्हणाली, की झबलं पुरुषांनी आणून दिलं तेव्हा नाही म्हणायला हवं होतं, तिला कळत होतं. पण एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिचं घर भरलेलं समजून दारात आलं होतं. तेवढ्यासाठी ती गप्प बसली. काकू तिला म्हणाली, "माझी तीन गेली. तुमची दोन. आता पुरे रडना." त्यानंतर दोघींची अशी गट्टी जमली, की आमची आई कधीकधी रुसायची.

पुढच्या काही वर्षांत गाळा हळूहळू रिकामा होऊ लागला. आधी कारभाऱ्यांनीच, त्या वयात, बायकोला मुंबईला आणलं आणि वडाळ्याला एक खोली घेतली. 'बायलेचो' म्हणून त्यांना चिडवायला बाबा मुद्दाम तिथपर्यंत गेले. मग एकेकजण शेजारच्या चाळीत, परळला, जिथं मिळेल तिथं बिऱ्हाड करू लागला. गॅलरीत लुगडी वाळू लागली, नळावर भांडणं वाढली, शाळेचे वर्ग कमी पडू लागले. काकूला मुलगी झाली. तिला मात्र काकूनं नवंच कापड घातलं, पहिल्या दिवसापासून. आणि त्यानंतर आईबरोबर जाऊन नर्सबाईंना स्पष्ट सांगून आली, की आता आणखी मूल नको. काकांना हे मागाहून कळलं. "जगतली ह्या कळल्यावर ढीगभर कित्याक होयी?" काकूनं त्यांना विचारलं. काका ह्यावरही उलट बोलले नाहीत.

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच सुमारास मुलाला पाचवं लागलं. आमच्या गल्लीत गुलाल आणि ढोल, प्रत्येक गॅलरीत पणत्या, गुढ्या. गाळ्यातून पांगलेले सगळे त्या दिवशी चाळीत आले होते. त्यांनी मिळून त्याला नवा कोरा सदरा शिवून आणला होता, आणि ह्या वेळी तो कोणाच्या घरी ठेवून जुना करायची गरज नव्हती. सदरा घालून तो गर्दीत पळाला आणि पाच मिनिटांत गुलालानं माखून आला. काकू त्याला एका शब्दानंही रागावली नाही.

संध्याकाळी ती मागून आणलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तेवढ्यात समोरच्या चाळीतली एक नवी सून दारात आली. तिचं पहिलं मूल गेलं होतं, दुसऱ्या वेळी दिवस भरत आले होते. सोबत पिशवी घेतलेली नणंद. आपल्याकडे काय मागायला आल्यात, हे ध्यानात येताच काकू गडबडीनं उठली.

"माझ्याकडचा नको गो. माझी तीन गेली."

"ठाऊक आहे," ती सून म्हणाली. "म्हणूनच आले. एवढं होऊनही तुमचा राहिला ना. मला तुमच्याकडचंच हवं."

काकूनं मावशीकडे पाहिलं. मावशी शेजारीच पणत्यांच्या वाती वळत बसली होती. मावशीनं नुसती मान डोलावली. काकूनं घड्यांमधून ते मलमलीचं झबलं काढलं. धुऊन धुऊन ते साईसारखं मऊ झालं होतं. ते तिनं दोन्ही हातांनी त्या नणंदेच्या पिशवीत ठेवलं.

ते मूल जगलं. पुढे रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला लागलं, त्याच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. उरलेल्या कपड्यांचं गाठोडं काकूनं फडताळात वरच्या कप्प्यात ठेवलं. कोणी मागायला आलं तर हाताशी असावं, म्हणून दरवर्षी दिवाळीआधी ती ते उन्हात घालायची आणि पुन्हा बांधून ठेवायची. माझं लग्न झालं, मला दोन मुलं झाली, मावशीच्या नाती शाळेत जायला लागल्या. गाठोडं तसंच होतं. मागायला कोणी आलं नाही.